बोंड धरलं! गच्चीवरच्या जास्वंदीच्या संकराची गोष्ट

आपल्याकडे जास्वंद कुणी बी पेरून लावत नाही. शेजारणीकडून फांदी आणायची, पावसाळ्यात मातीत खोचायची, दोन महिन्यांत ती जीव धरते. पुढची पंधरा-वीस वर्षं गणपतीच्या फुलाची सोय होते. माझ्या माहेरी अंगणातली लाल जास्वंद अशीच आजीच्या माहेरून आलेली होती. त्या झाडाच्या फांद्या किती घरांत गेल्या असतील याचा हिशेब नाही, पण ती सगळी झाडं मुळात एकच झाड आहे. फांदीतून वाढलेलं रोप म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत.

बियांचं तसं नसतं. बोंडातलं, म्हणजे जास्वंदीच्या फळातलं, प्रत्येक बी हे जगात याआधी कधीच नसलेलं झाड असतं. हे मला समजल्यापासून जास्वंदीकडे बघायची माझी नजरच बदलली, आणि गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये मी स्वतः संकर करायला घेतला. त्याची ही हकीकत.

सुरुवात एका नाराजीतून झाली. रोपवाटिकेत मिळणाऱ्या संकरित जास्वंदी दिसायला अप्रतिम असतात. ताटलीएवढं फूल, पिवळ्या-नारिंगी पाकळ्या, मधोमध गडद मरून डोळा. पण पुण्यातल्या गच्चीवर या झाडांचा टिकाव लागणं अवघड. मुळं नाजूक, एका जोरदार पावसात कुंडीत पाणी तुंबलं की खोडाच्या बुडाशी कूज सुरू. एप्रिलच्या उन्हात कळ्या उमलायच्या आधीच गळतात. याच्या उलट आमच्याकडची जुनी एकेरी गुलाबी जास्वंद. फूल साधं, पण झाड कसलं खमकं! कुंडी बदलली नाही, खत विसरलं, पाण्याला उशीर झाला, तरी तिचं काही बिघडत नाही. मला हवं होतं ते या दोघींच्या मधलं काहीतरी. गुलाबीचं अंग आणि संकरित पिवळीचं रूप.

आता पहिला प्रश्न, बोंड कोण धरणार? सगळ्या जास्वंदी बी धरत नाहीत. घरोघरची दुहेरी लाल जास्वंद तर जवळपास नाहीच, कारण तिच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. काही झाडं आई म्हणून चांगली असतात, काहींचे पराग उत्तम असतात पण त्यांच्यावर बोंड काही टिकत नाही. हे बाहेरून बघून ओळखता येत नाही, करून बघावं लागतं. शेजारच्या काकांनी आयुष्यभर गुलाबांची कलमं केली आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हे बघ, झाडाला विचारायचं. आठ-दहा फुलं दोन्ही बाजूंनी करून बघ. कोण आई व्हायला तयार आहे ते तेच सांगेल." तेच केलं. गुलाबी एकेरी आई व्हायला तयार होती. पिवळी अजिबात नाही.

वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यात हा खटाटोप करू नये. उष्णता वाढली की पराग निकामी होतात आणि चुकून बोंड धरलंच तरी गळून जातं. पुण्यात यासाठी उत्तम काळ म्हणजे दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंतचा. दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि जास्वंद अजून फुलावर असते.

आता खुद्द परागीकरण. जास्वंदीच्या फुलाची रचना इतकी उघडीवाघडी आहे की शाळेत ती शिकवायला का निवडतात ते लगेच कळतं. मधून एक लांब नळी बाहेर येते. तिच्यावर चहूबाजूंनी पुंकेसर, आणि अगदी टोकाला पाच बारीक फांद्या, प्रत्येकीच्या टोकावर मखमली ठिपका. त्या पाच ठिपक्यांना कुक्षी म्हणतात. पराग तिथे पोचला पाहिजे, बस्स. पुढचं काम झाड बघून घेतं. खालच्या अंडाशयात पाच कप्पे असतात आणि परागकणातून फुटणारी परागनलिका ती संपूर्ण लांबी पार करून तिथपर्यंत जाते. बोटभर लांबीच्या नळीतून एका कणाने केलेला हा प्रवास मला आजही थक्क करतो.

सकाळी गुलाबीचं फूल उमललं की परागकोश फुटायच्या आत मी बारीक कात्रीने ते सगळे छाटून टाकते, कुक्षींना धक्का न लावता. मग पिवळीकडे जाऊन थांबायचं. थंडीत तिचे परागकोश ऊन वर आल्यावरच फुटतात, आधी कितीही घासलं तरी काही हाती लागत नाही. फुटल्यावर मात्र पिवळ्या कणांनी नळी भरून जाते. जास्वंदीचा पराग मोठा असतो, एकेक कण नुसत्या डोळ्यांना दिसतो. भिंगातून बघितलं तर प्रत्येक कणावर काटे दिसतात, ते चिकटून राहण्यासाठी. मी ब्रश वापरत नाही. पिवळीचं फूलच खुडून आणते, पाकळ्या मागे दुमडते आणि तिची नळी गुलाबीच्या पाचही ठिपक्यांवरून हलकेच फिरवते. मखमलीवर पिवळे दाणे बसलेले दिसले की काम झालं. पाचपैकी एखादाच ठिपका भरला तरी बी धरू शकतं, पण पाचही भरले तर जास्त.

लगेच देठाला दोरा आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग फुली, मग वडिलांचं. जगभर संकर करणारे हाच क्रम पाळतात, बोंड ज्या झाडावर धरतं ते नाव पहिलं. आमच्या सासूबाई गच्चीवर आल्या, चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, आईचं नाव आधी लावणारी एक तरी जागा आहे म्हणायची." त्या दिवसापासून चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांच्याकडे. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे, शिवाय वॉटरप्रूफ पेन त्यांनीच नातवाच्या दप्तरातून मिळवलं होतं.

मग वाट बघणं. दोनेक दिवसांत पाकळ्या मिटून नळीसकट गळून पडतात, ते स्वाभाविक आहे. लक्ष ठेवायचं ते मागे राहणाऱ्या हिरव्या पेल्याकडे. जास्वंदीच्या देठावर फुलाच्या थोडं खाली एक बारीक सांधा असतो. संकर फसला तर त्या सांध्यापासून देठ पिवळा पडतो आणि हात लावताच तुटून येतो. पहिला आठवडा रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन आधी त्या सांध्यांकडे जायची. बहुतेक गळालेच. जे गळाले नाहीत त्यांचा पेला दिवसागणिक टणक होत गेला आणि आतून एक टोकदार हिरवं बोंड डोकावू लागलं. मी खालच्या मजल्यावर ओरडून सांगितलं, "बोंड धरलं!" खालून उत्तर आलं, "कशाचं? कापसाचं?"

उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. जास्वंद, कापूस आणि भेंडी एकाच कुळातले. आपण भाजी करतो ती अंबाडी तर थेट जास्वंदीच्याच प्रजातीतली, हिबिस्कस हेच तिचंही शास्त्रीय आडनाव. लाल जास्वंदीला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असं नाव दिलं, पण ती जंगलात आपोआप वाढलेली कुठेच सापडत नाही. माणसांनी बागेतून बागेत नेत वाढवलेलं, मुळातच मिश्र रक्ताचं झाड आहे ते. म्हणून तिच्या एकाच बोंडातली पोरं एकमेकांसारखी नसतात.

संकराचा हा छंद जुना आहे. आज जिथे आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतात त्या मॉरिशसमध्ये चार्ल्स टेलफेअर नावाच्या वनस्पतिप्रेमीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिकडच्या बेटांवरची जंगली जास्वंद बागेतल्या जास्वंदीशी संकरित केली होती. पुढे विसाव्या शतकात हवाईमध्ये या कामाला अक्षरशः उधाण आलं, तिथल्या पांढऱ्या सुगंधी जास्वंदीचाही उपयोग झाला. 1950 मध्ये फ्लोरिडात जास्वंदप्रेमींची अमेरिकन हिबिस्कस सोसायटी उभी राहिली. आज आपल्या रोपवाटिकेत दिसणाऱ्या ताटलीएवढ्या फुलांमागे ही सगळी वंशावळ आहे. याची एक काळजी वाटायला लावणारी बाजूही आहे. मॉरिशसच्या मोजक्या डोंगरकड्यांवर उरलेल्या हिबिस्कस फ्रॅजिलिस या दुर्मीळ जास्वंदीला आता बागेतल्या जास्वंदीशी होणाऱ्या आपोआप संकराचाच धोका आहे. गच्चीवर कुंडीत काहीही करावं, पण जिथे रानटी नातेवाईक जगतात तिथे बागेतलं झाड लावताना विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

बोंड पिकायला साधारण दोन महिने लागतात. थंडी जास्त असेल तर आणखी थोडे. या काळात झाडाला पाण्याचा ताण देऊ नये आणि कुंडी इकडून तिकडे हलवू नये. बोंड तपकिरी व्हायला लागलं की त्यावर मी मलमलची छोटी पिशवी बांधते, कारण पिकलेलं बोंड एका दुपारी पाच फाकांत उकलतं आणि बी कुंडीच्या मातीत हरवतं. पहिलं बोंड उकललं तेव्हा पिशवीतच होतं. तळहातावर झटकलं. आत तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया, पाठीवर बारीक लव. कापसाशी नातं सांगणारी तीच लव. काही पोचट होत्या, बोटात दाबताच चुरा झाला. बाकीच्या टणक. एका बोंडात कधी दोन-तीन निघतात, कधी विसाच्या वर.

बी पेरण्याआधी कवच थोडं खरवडावं लागतं, नाहीतर पाणी आत शिरायला फार वेळ घेतं. जिथून बी देठाला चिकटलेलं असतं तो टोकाचा भाग सोडून पाठीवर ब्लेडने अगदी हलका ओरखडा द्यायचा, पांढरं दिसेल न दिसेल इतकाच. रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. मग ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, आणि डबा फ्रीजच्या माथ्यावर, कारण तिथे ऊब असते. काही दिवसांतच पांढरं मूळ बाहेर येतं. मूळ दिसलं की लगेच छोट्या कपात, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी वाळू अशा भुसभुशीत मिश्रणात, मूळ खाली करून. कधी कधी बियांचं कवच टोपीसारखं दोन दलांवर अडकून राहतं. ते ओढायचं नाही. पाण्याचा थेंब टाकून थोडा वेळ थांबलं की आपोआप सुटतं. कपात पाणी जास्त झालं तर रोपं बुडातून बसतात, म्हणून पाणी खालून, बशीतून द्यावं.

पहिली खरी पानं आली आणि फरक दिसायला लागला. एकाचं पान रुंद, चकाकतं. एकाचं कातरलेलं. एक दोन बोटांवर थांबलं, दुसरं तरारून वर चाललं. सगळ्यांची आई एक, बाप एक, कपही एकाच खिडकीत. या टप्प्यावर एक मोह होतो, तो म्हणजे सगळी रोपं जपण्याचा. गच्चीला मर्यादा आहे. मी ठरवलं होतं की फुलाआधी झाड निवडायचं. ज्यांची मुळं कपाच्या छिद्रातून जोमाने बाहेर येतील, ज्यांच्या दोन पानांमधलं अंतर कमी असेल आणि जी पहिल्या उन्हाळ्यात मान टाकणार नाहीत, तीच मोठ्या कुंडीत जातील. फुलाचं रूप बघून कमकुवत रोप वाचवत राहिलं तर बाजारात मिळतं तेच पुन्हा तयार होणार. ज्या नाराजीतून मी हे सुरू केलं तिथेच परत.

उन्हाळा उलटला तोवर बरीच रोपं आपणहून गळाली. पावसाळ्यात मोठ्या कुंड्यांच्या तळाला विटांचे तुकडे नव्हे, तर जास्त छिद्रं आणि कुंडी उचलून धरायला खाली दोन पट्ट्या, म्हणजे पाणी थांबतच नाही. खतात पालाश (पोटॅश) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. जास्वंदीला हाडांचा चुरा ओतून देण्याची पद्धत आहे, मी ती सोडून दिली. शेणखत, नीमपेंड आणि महिन्यातून एकदा थोडं सल्फेट ऑफ पोटॅश, एवढ्यावर झाडं खूष असतात.

मग आला पिठ्या ढेकूण. जास्वंद लावणाऱ्या प्रत्येकाला तो भेटतोच. शेंडे वळतात, आकसतात, पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते. हाच गुलाबी पिठ्या ढेकूण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत शेतकऱ्यांची झोप उडवतो. तिथे त्याच्यावर क्रिप्टोलेमस नावाचा मित्रकिडा सोडतात, छोटा भुंगेरा, डोकं नारिंगी. गंमत अशी की त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, केसाळ दिसते, फक्त आकाराने मोठी आणि चालायला चपळ. पांढरं दिसलं की चिरडलं असं केलं तर आपलेच रक्षक मरतात. म्हणून भिंगातून बघायचं आणि मगच हात लावायचा. मी वळलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकते, मुंग्यांची वाट अडवते आणि निंबोळी अर्क संध्याकाळी फवारते. शिंजीर पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून फुलांवर फवारत नाही. शिंजीर लबाड असतो. पाकळ्यांच्या बुडाला भोक पाडून मध पितो, परागाला हातही लावत नाही. तरीही त्याचं येणं मला हवं असतं.

पहिलं फूल बी रुजल्यापासून वर्ष उलटल्यावर, पुढच्या थंडीत आलं. कळी आली तेव्हा घरात सगळ्यांनी अंदाज बांधले. सासूबाई म्हणाल्या, लाल येऊ दे, गणपतीला होईल. मुलाला निळं हवं होतं. उमलल्यावर दिसली ती साधी फिकट गुलाबी, आईसारखीच, पाकळ्या थोड्या रुंद एवढंच. पुढची दोन रोपंही तशीच. जास्वंदीत पिवळा-नारिंगी रंग एका प्रकारच्या द्रव्यामुळे येतो आणि लाल-जांभळा दुसऱ्या. पोरांमध्ये या दोहोंची भेसळ कशी होईल हे आधी सांगता येत नाही.

मग चौथ्या रोपाची कळी. रात्री ती पिळलेली होती, टोकाला जर्दाळू रंगाची छटा. सकाळी ऊन येईपर्यंत अर्धी उघडली होती, नऊच्या सुमारास पूर्ण. पाकळ्या जर्दाळूच्या रंगाच्या, कडा फिकट गुलाबी, मध्ये छोटा गडद लाल डोळा, आणि त्यातून पाकळ्यांवर चढत गेलेल्या शिरा. पिवळीसारखं ताटलीएवढं नाही, पण तळहात झाकेल एवढं. आणि झाड? कमरेपर्यंत आलेलं, बुडातून पाच फांद्या, एकही पान पिवळं नाही. मी फोटो काढले, पाकळी मोजली, रंग वहीत लिहिला. सासूबाईंनी फूल खुडू दिलं नाही, म्हणाल्या, "हिचं पहिलं फूल झाडावरच राहू दे." जास्वंदीचं फूल बहुधा एका दिवसाचं. ते मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभं होतं, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

एका फुलावर भाळायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. म्हणून पूर्ण उन्हाळा थांबले. एप्रिलमध्ये कळ्या गळतात का ते पाहिलं. काही गळल्या, बहुतेक उमलल्या. उन्हाळ्यात रंग फिका पडतो, जर्दाळूचा जवळजवळ लिंबू पिवळा होतो आणि डोळा लहान होतो. थंडी पडली की पुन्हा गडद. हे सगळ्याच जास्वंदींचं असतं. पण फूल लहान झालं नाही आणि झाड थांबलं नाही.

मग जुलैच्या दमट हवेत त्याची दोन पाचर कलमं लाल गावठी जास्वंदीच्या खोडावर केली. पेन्सिलीएवढी जाडी दोन्हींची सारखी हवी, काडीला पाचरीचा आकार, खोडात तेवढीच चीर, सालीला साल जुळवायची, वरून कलमपट्टी आणि प्लास्टिकची पिशवी. दोन्ही जगली. मूळ झाडाच्या फांदीची गुटीही बांधली, म्हणजे फांदीला झाडावर असतानाच मुळं फोडून घेतली, स्वतःच्या मुळांवर ते कसं वागतं ते बघण्यासाठी. आतापर्यंत तरी स्वतःच्या मुळांवरचं रोपच जास्त तेजीत आहे. म्हणजे गुलाबी आईचं अंग खरोखर उतरलंय. एक कलम काकांकडे गेलं आणि एक खालच्या मजल्यावर, जिथून कापसाचं उत्तर आलं होतं.

नाव अजून ठरलेलं नाही. वहीत ते आई, फुली, बाप आणि रोपाचा क्रमांक एवढंच आहे. येत्या थंडीत त्याचा पराग मी झुंबर जास्वंदीवर लावणार आहे, ती पूर्व आफ्रिकेची, खाली लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची. जर्दाळू रंगाचं झुंबर मिळेल का, हे बघायचं आहे. झुंबर बोंड धरते का हा प्रश्न आधी सुटायला हवा. त्यासाठी दोरे कापून ठेवलेत. चिठ्ठ्या सासूबाई लिहिणार आहेत.